ऑनर आणि बेस यांचा प्रेस

ज्या दोन बायकांनी चाळीस वर्षं एका चुलीवर शिजवलं, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसून रात्री काढल्या, आणि शेवटी एकाच दगडाखाली निजल्या, त्यांच्या त्या दगडावर एकीचं पूर्ण नाव आणि दुसरीपुढे फक्त 'तिची मैत्रीण' एवढंच कोरलेलं पाहून तुम्हाला राग येतो की नाही? मला यायचा. चोविसाव्या वर्षी तर मी त्या रागावरच जगत होते. सकाळी चहा करताना यायचा, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना यायचा. आज पस्तिशी ओलांडल्यावर तो गेलाय असं नाही. फक्त त्याच्या भरात मी काय केलं, हे आता लिहायला हवं.

आमचं घर इचलकरंजीचं. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे प्रेस. बाबा पत्रकं छापायचे. यंत्रमाग कामगारांच्या सभेची, हुंड्याविरुद्धची, पाण्याच्या मोर्चाची. पायाने चालवायचं ट्रेडल होतं, त्याचा खट-धप् असा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा. तो थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं हो, कागद संपला?" मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. शाळेत पहिल्या दिवशी 'क' उलटा काढला म्हणून बाईंनी कान पिळला. संध्याकाळी आम्ही तिघं सतरंजीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो, मध्ये भडंगाची परात. पण शाईचे हात परातीत घालायचे नाहीत, आई चमच्याने वाढायची. माझं नाव समता ठेवलं, त्याची पेढ्यांबरोबर वाटलेली कार्डंही बाबांनीच छापली होती. गल्लीत आम्हाला प्रेसवाले म्हणत. प्रेसला कुलूप घाल, प्रेसची किल्ली कुठाय, प्रेसमध्ये पाहुणे आलेत. लहानपणी सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

अनघा मला मिरजेत भेटली. ती तिथे डॉक्टरकीचं शिकत होती, मी एका शिबिरात पत्रकं वाटत होते. तिने पत्रक घेतलं, वाचलं, आणि म्हणाली, "तिसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे." पुढचं सगळं त्याच सुरात झालं. ती आयर्लंडला सरकारी रुग्णालयात नोकरीला आली, मी वर्षभराने मागोमाग डब्लिनला इतिहासात एम.ए. करायला आले. डब्लिनच्या कडेला, ॲडम्सटाउनला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. बाहेरच्यांसाठी आम्ही रूममेट होतो. लुकन-ॲडम्सटाउनच्या मराठी घरांतून आम्हाला गणपतीला, कोजागिरीला बोलावणं असायचं, 'त्या दोघी मुली' म्हणून, आणि काकू लोक आमच्यासाठी पुरणपोळ्या बांधून द्यायच्या. अनघाला ते चालायचं. मला घशात अडकायचं. "तू रूममेट म्हणालीस की मला वाटतं आपण भाडं वाचवायला एकत्र राहतोय," मी म्हणायचे. ती म्हणायची, "ते पण आहेच की."

मग तिला सहा महिन्यांसाठी कासलबारचं रुग्णालय मिळालं. देशाच्या दुसऱ्या टोकाला. दोन आठवड्यांतून एकदा ती गाडीने यायची, शनिवारी दुपारी, आणि रविवारी दुपारी परत. तेवढ्यात डाळ-भात, बटाट्याची भाजी, तिच्या कपड्यांचं मशीन, आणि मिरजेला आईला फोन. तिची आई फोनवर नेहमी एकच विचारायची, "जेवलात का गं?" मी बाजूला बसून ऐकायचे आणि अनघा म्हणायची, "जेवलो." बाकीचे बारा-तेरा दिवस मी एकटी. त्या एकटेपणाला आवाज होता. खाली प्लॅटफॉर्मवरची घोषणा, आधी आयरिशमध्ये, मग इंग्रजीत. ती मला पाठ झाली होती, कारण पुष्कळदा दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकच आवाज असायचा. वर्गातली मुलं चांगली होती. "यू ग्रँड, सॅम?" म्हणजे ठीक ना, असं विचारायची आणि उत्तराआधी पुढे जायची. जेवण मी ओट्याशी उभ्यानेच करायचे. एका माणसासाठी ताट घ्यायचं जिवावर यायचं.

त्याच दिवसांत मला ती वही मिळाली. पोर्टलीशच्या बाहेर, आडबाजूला एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत गावातल्या लोकांनी छोटासा संग्रह मांडला होता, आणि तिथल्या कागदांची यादी करायला कुणीतरी विद्यार्थी हवा होता. मी दर बुधवारी जायला लागले. संग्रह सांभाळायची नूला, सत्तरीतली निवृत्त शिक्षिका. ती मला स्टेशनवरून गाडीने न्यायची आणि दर वेळी काम झालं की म्हणायची, "घरी चल, चहा घे." मी दर वेळी म्हणायचे, "गाडी चुकेल." डबा माझा माझ्याजवळ असायचा.

वही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, त्याच घरात राहणाऱ्या ऑनर आणि बेस या दोघींची, त्या दगडाखालच्या. दोन हस्ताक्षरं. एक टोकदार आणि घाईचं, ते ऑनरचं. दुसरं गोल, ओळीखाली घसरणारं, ते बेसचं. पाककृती, कोंबड्यांची अंडी, औषधं, कोण आलं, कोण गेलं. कुठे प्रेमाचा शब्द नाही, कुठे कबुली नाही. आणि मग एका बुधवारी मला दिसलं: 'नवा प्रेस आला. आत घ्यायला चार माणसं लागली.' मी पानं उलटत गेले. 'प्रेसची किल्ली आता दोघींकडे.' 'पुन्हा शाई. बेस म्हणते दोष प्रेसचा.' आणि सर्वांत मोठं: 'पाद्रीसाहेब येणार. प्रेसला कुलूप घातलं.'

तुमच्या लक्षात आलं असेल मला काय वाटलं. या दोघी घरात छापखाना चालवत होत्या. गुपचूप. गावचा पाद्री आला की कुलूप घालून. काय छापत असतील? बायकांच्या हक्काची पत्रकं? कुळांच्या बाजूची? छापलेला एकही कागद संग्रहात नव्हता, पण तेही मला पुराव्यासारखंच वाटलं, कारण धोक्याचे कागद माणसं जाळतात, हे मी घरी पाहिलं होतं. पाककृतींची पानं मी भराभर उलटली. चादरी, मुरंबे, कोंबड्या. ते तर प्रत्येकीच्याच घरात असतं.

तीन दिवसांत मी आठ पानी पुस्तिका लिहिली. मराठीत, कारण राग मला मराठीतच नीट येतो. बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "फर्मास. किती प्रती काढतेस?" मी म्हणाले, "बाबा, आता प्रती काढत नाहीत, पाठवतात." सात पानं ऑनर, बेस आणि त्यांच्या छापखान्यावर होती. आठव्यावर मी लिहिलं की त्यांना 'मैत्रिणी' म्हणणाऱ्या जगात मीही एका स्त्रीबरोबर राहते, तीही रूममेट म्हणवली जाते, ती कासलबारला डॉक्टर आहे, आणि आम्ही आमच्या दाराला कुलूप घालणार नाही. अनघाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ते मला माहीत होतं. शुक्रवारी सकाळी मी पुस्तिका आमच्या भागातल्या मराठी ग्रुपवर टाकली आणि वाट पाहत बसले.

पहिल्या सात पानांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांनी आठवं पान वाचलं. दोन अंगठे आले, एक नमस्कार आला, एका काकूंनी ग्रुप सोडला. शनिवारी दुपारी अनघा यायची होती. ती आली नाही, फोन आला.

"नाव नाहीये कुठे," मी आधीच म्हणाले.

"कासलबारला मराठी बोलणाऱ्या बाई डॉक्टर किती आहेत, मोज," ती म्हणाली. "मी मोजते. एक."

"मी खोटं लिहिलंय का?"

"नाही ना. खरं लिहिलंयस. पण माझं खरं लिहिलंयस." तिचा आवाज चढला नव्हता. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलते तसा होता. "आईचा फोन आला सकाळी. तिला सांगलीहून कुणीतरी पाठवली. तिने विचारलं, समताने लिहिलंय ते खरं का. मी हो म्हटलं."

"मग? बरं झालं ना एकदाचं."

"मग ती म्हणाली, बरं. आणि म्हणाली, जेवलीस का."

मला कळलं नाही. मी म्हणाले, "नेहमी विचारतातच की त्या."

"जेवलीस का, समे. जेवलात का नाही." तिने दोन्ही शब्द तोडून म्हटले. "तू आल्यापासून ती आपल्या दोघींना एकदम विचारत होती. तिला माहीत नव्हतं असं वाटतं तुला? ती तिच्या पद्धतीने हळूहळू जवळ येत होती. आता तिला सगळ्या नातेवाइकांसमोर ठरवावं लागणार, आणि त्यांच्यासमोर तिने एकवचन निवडलं. जुलैत माझी इथली मुदत संपते. मी ॲडम्सटाउनला परत येईन की नाही, मला माहीत नाही. मला काही दिवस फोन करू नकोस."

त्यानंतरचे दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत. स्टेशनवरची घोषणा आठवते. तिचा टॉवेल वाळला होता तो मी घडी न घालता तसाच ठेवला, हे आठवतं. बुधवारी पोर्टलीशला गेले, आणि काम झाल्यावर नूला नेहमीसारखं म्हणाली, "घरी चल, चहा घे." या वेळी मी हो म्हणाले. गाडी चुकली असती तर चुकली असती. घरी कोण होतं.

तिचं स्वयंपाकघर छोटं, गरम, कुत्र्याचा वास येणारं. तिने किटली ठेवली, पाठमोरीच होती, आणि म्हणाली, "पोरी, तुझ्यामागच्या प्रेसमधून दोन कप काढ गं."

मी उभी राहिले. मागे वळून पाहिलं. मागे भिंतीतलं कपाट होतं.

"कशातून?"

"प्रेस. प्रेस गं. कप, बशा." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी खाली बसले. पुस्तिका मी इंग्रजीत करून तिला द्यायला आणली होती, ती पिशवीतच राहिली. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. सगळा देश म्हणतो, लहान मूलसुद्धा म्हणतं. आमच्या फ्लॅटमध्येही पाण्याच्या टाकीशेजारी कपडे कोरडे राहावेत म्हणून कपाट होतं, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आम्ही दोघी त्याला 'बॉयलरचं कपाट' म्हणायचो. दहा महिने मी या देशात होते, आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात कप काढून दे असं म्हणण्याइतकी मी शिरले नव्हते. शिरले असते तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

"मग पाद्री येणार म्हणून कुलूप का घालायचं?" मी विचारलं.

नूला हसली नाही. हसू आवरतेय हे मात्र दिसलं. "अगं, बेसची मनुकांची वाइन असायची ना त्यात. युवर मॅनला, म्हणजे त्या पाद्रीबाबाला, बाटली दिसली की तो उठायचा नाही. माझी आजी सांगायची, आख्ख्या गावाला माहीत होतं."

"आणि त्या दोघींचं? तेही माहीत होतं?"

तिने चहा ओतला, दूध घातलं, कप माझ्यापुढे सरकवला. "नाताळात हंस कापला की एक तंगडी त्यांच्याकडे जायची. एका ताटात, दोघींची म्हणून. दोन घरं समजून कुणी दोन ताटं पाठवली नाहीत," ती म्हणाली. "त्याच्यापुढे काय माहीत असणार."

पुढच्या बुधवारी मी वही पहिल्यापासून वाचली, उलटलेली पानं धरून. नवा प्रेस सुताराने करून आणलेला, कारण जुन्यात ऑनरचे कपडे वेगळे आणि बेसचे वेगळे ठेवावे लागत. 'आता सगळं एकत्र राहील.' शाईची बाटली वरच्या कप्प्यात कलंडून चादरी बिघडल्या, त्यावरून चार दिवस भांडण. ऑनरला खिडकी उघडी लागायची, बेसला बंद. एका हिवाळ्यात बेसच्या पायाची बोटं थंडीने सुजली, तेव्हा घाईच्या टोकदार अक्षरात रोज एकच ओळ: 'बी.चे पाय शेकले.' बावीस दिवस, तेवढीच. लोणी खारट झालं. 'पांढरी कोंबडी मेली. बी. रडली, मी नाही रडले असं म्हणते.' आणि सगळीकडे 'आम्ही'. आम्ही मटार लावले, आम्ही उशिरा उठलो, आम्ही कुणालाच भेटलो नाही. मला जाहीरनामा हवा होता, आणि हातात संसार आला होता. त्या बावीस ओळी मी पहिल्या वेळी एका झटक्यात उलटल्या होत्या.

एक सांगून ठेवते. दगडावरच्या त्या शब्दांचा मला अजूनही राग आहे. माणसाच्या चाळीस वर्षांना नाव न देणं हा अन्यायच, आणि तो बोलून दाखवायला हवा, छापायलाही हवा. मेलेल्यांसाठी मी आजही भांडते. पण जिवंत बाईचं तोंड मी माझ्या पत्रकासाठी वापरलं, हे त्या भांडणात बसत नाही.

जूनच्या एका रविवारी मी न विचारता कासलबारला गेले. अनघा ड्यूटी संपवून आली होती, डोळ्यांखाली काळं. तळ्याकाठच्या वाटेवर चालता चालता मी तिला वहीतल्या त्या बावीस ओळींचं आणि मग प्रेसचं सांगितलं. आधी तिला कळलं नाही. मग ती मध्येच थांबली. "म्हणजे कपाट?" ती म्हणाली. "आठ पानं कपाटावर?" आणि हसायला लागली, कुंपणाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. वाटलं, सुटलं.

"वॉर्डात पहिल्याच दिवशी नर्सने मला सांगितलं होतं, ग्लोव्ह्ज प्रेसमध्ये आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "मला विचारलं असतंस तर."

"विचारायला हवं होतं."

"प्रेसचं म्हणत नाहीये मी."

"मलाही कळलं ते."

आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून सफरचंद काढलं, अर्धं मला दिलं. म्हणाली, "जुलैपासून पोर्टलीशचं रुग्णालय घेतलंय. तिथेच खोली बघते."

"पोर्टलीश तर जवळ आहे. ॲडम्सटाउनवरून रोज येता-जाता येईल."

"येईल."

"मग?"

"समे, घरी आले की दारातून आत येताना मला वाटणार, आता इथे मी जे बोलेन ते कुठल्या पानावर जाईल." तिने माझ्याकडे बघून सांगितलं, तळ्याकडे बघून नाही. "मला बोटं शेकणारं कुणी पाहिजे होतं गं. तू माझ्यावर बोलायला उभी राहिलीस."

मी माफी मागितली. तिने ती घेतली, आणि तरी ती आली नाही. तिचे कपडे, कुकर आणि टॉवेल मी स्वतः पोर्टलीशला नेऊन दिले.

हे प्रकरण अनघाने वाचलंय. अनघा हे नाव तिनेच निवडलं. दोन परिच्छेद काढ म्हणाली, काढले. कासलबार राहू दे म्हणाली, आता तिथे आपल्या पुष्कळ जणी आहेत. ती सध्या कुठे असते, ते इथे लिहिणार नाही. पुढे दीड वर्षाने तिने स्वतः आईला समोर बसवून सांगितलं. काय सांगितलं, आई काय म्हणाली, मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. मी अजून ॲडम्सटाउनलाच राहते. स्टेशनवरची घोषणा बदलली आहे, नव्या बाईचा आवाज आहे.

पण ती पुस्तिका अजून फिरते. गेल्या महिन्यातच एका अनोळखी मुलीने मला ती पाठवली: 'ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? किती धाडस.' ग्रुपवरून ग्रुपवर जाता जाता पहिली सात पानं गळून गेली आहेत. फक्त आठवं पान फिरतं. मी छापणाऱ्याची मुलगी आहे. निघालेला कागद परत घेता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून तुम्हालाच सांगते. ते पान तुमच्याकडे आलं असेल तर आत्ता फोन काढा आणि पुसून टाका. पुढे पाठवू नका. ज्यांनी तुम्हाला पाठवलं, त्यांनाही एक फोन करा, आणि पुसायला सांगा.